राजा कुठे झोपायचा? कॅसल, फोर्ट आणि आपले किल्ले

आजच्या एपिसोडमध्ये मागे जी घरघर ऐकू येतेय, ती वर्सोव्याच्या फेरीबोटीची आहे. एडिटिंगमध्ये काढून टाकता आली असती, पण मुद्दाम ठेवलीय. जे ऐकत नाहीयेत, फक्त वाचतायत, त्यांनी ती मनातल्या मनात लावून घ्या.

आज मला माझीच एक चूक सांगायची आहे. ती पकडली नऊ वर्षांच्या एका मुलाने.

झालं असं की आपल्या किल्ल्यांच्या एपिसोडना इंग्रजी सबटायटल्स द्यायची असं मी ठरवलं. परदेशात वाढणारी बरीच मराठी मुलं घरात मराठी बोलतात, समजतातही, पण देवनागरी बघितली की त्यांचा चेहरा पडतो. त्यांच्यासाठी हा उद्योग. पहिला एपिसोड आपल्या उपनगरांचा होता: वांद्रे, मढ, आणि जरा हद्दीबाहेर जाऊन ठाणे आणि वसई. इंग्रजी नाव दिलं, ‘कॅसल्स ऑफ सबर्बन मुंबई’. का दिलं? खरं सांगू, भारी वाटलं म्हणून. ‘फोर्ट’ म्हटलं की चर्चगेटहून चालत जायचं ऑफिस डोळ्यांसमोर येतं. ‘कॅसल’ म्हटलं की कसं, धुकं, घोडे, मशाली. शिवाय माझ्याकडे पुरावाही होता. वांद्र्याच्या किल्ल्याचं जुनं नावच ‘कास्तेला दि अग्वादा’ असं सांगतात. कास्तेला म्हणजे कॅसल. संपला विषय.

माझी मावसबहीण लंडनला असते. तिच्या मुलाने तो एपिसोड तीनदा बघितला आणि नाताळच्या सुट्टीत इथे आल्यावर पहिली मागणी केली, ‘मामा, मला कॅसल दाखव.’ मग काय, आम्ही अंधेरीहून रिक्षाने वर्सोवा जेट्टी गाठली, फेरीने खाडी ओलांडली आणि पुढे मढच्या टोकापर्यंत गेलो. मढचा किल्ला हवाई दलाच्या ताब्यात आहे, परवानगीशिवाय आत जाता येत नाही. आम्ही बाहेरूनच बघितला. काळा दगडी तट, गोल बुरूज, मागे समुद्र. त्याने हा कुठल्यातरी पिक्चरमध्ये बघितल्यासारखा वाटतो असं सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. हिंदी सिनेमातल्या किती व्हिलनांचे अड्डे इथे शूट झालेत याला गणती नाही.

मग त्याने विचारलं, ‘मामा, राजा कुठे झोपायचा?’

म्हटलं, इथे राजा नव्हता रे. पोर्तुगीजांनी बांधला, पुढे १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतला.

‘मग राणी?’

राणीपण नव्हती.

‘मग कोण राहायचं?’

शिपाई. तोफा. खाडीत कोण शिरतंय त्यावर लक्ष ठेवायचे.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘मग तू कॅसल का लिहिलंस?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. परत येताना फेरीवर आमची ताई हसत होती आणि मी खाडीकडे बघत होतो.

त्या मुलाच्या शाळेत हे शिकवलेलं होतं, तेही दुसरी-तिसरीत. कॅसल म्हणजे ज्याला तटबंदी आहे असं राहतं घर. एखादा राजा किंवा सरदार तिथे कुटुंबासकट राहतो, जेवतो, न्यायनिवाडा करतो, आणि वेळ आली तर तिथूनच लढतो. फोर्टमध्ये घर नसतं, नोकरी असते. शिपाई येतात, पहारा देतात, बदली झाली की जातात. फोर्ट्रेस हा या सगळ्यांचा थोरला भाऊ, मोठा, मजबूत, कधी अख्खं गाव पोटात घेतलेला. आणि सिटाडेल म्हणजे शहराच्या आत, शहरापेक्षा पक्की अशी शेवटची जागा. बाहेरचा तट पडला की उरलेली माणसं तिथे जाऊन लढायची. मूळ शब्द इटालियन, अर्थ ‘छोटं शहर’.

जाता जाता एक गंमत. कॅसल हा शब्द लॅटिन ‘कास्तेल्लुम’वरून आला, आणि तो ‘कास्त्रुम’चा छोटा अवतार. कास्त्रुम म्हणजे रोमन सैन्याची छावणी. इंग्लंडमध्ये जिथे जिथे या छावण्या होत्या त्या गावांच्या नावांना ‘चेस्टर’ किंवा ‘कास्टर’ चिकटलं. तेव्हा रविवारी रात्री जागून तुम्ही ज्या मँचेस्टरची मॅच बघता, त्याच्या नावात एक जुनी छावणी आहे. शब्द छावणीतून निघाला आणि सरदाराच्या घरात जाऊन बसला.

आता माझ्यापुढे कामाचा प्रश्न होता. सबटायटल फाईल उघडी, आणि प्रत्येक ‘किल्ला’ या शब्दापाशी अडायला होत होतं. आपण एका शब्दात मोकळे होतो. वांद्र्याचा किल्ला, मढचा किल्ला, वसईचा किल्ला, रायगड किल्ला. इंग्रजी मात्र दर वेळी हटकून विचारत होती: आत कोण राहायचं?

तर एकेक घेऊ.

वांद्रे. लँड्स एंडला, सी लिंकच्या समोर. इथे १६४० सालचा उल्लेख असलेला शिलालेख आहे. आता ‘अग्वादा’ शब्दाकडे बघा. पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ पाणी भरण्याची जागा. जहाजं यायची, गोड्या पाण्याची पिंपं भरून घ्यायची आणि पुढे निघायची. गोव्याला कांदोळीपाशी आग्वादचा किल्ला आहे, तो १६१२ मध्ये पुरा झाला, त्याच्या नावातही हेच पाणी आहे. गंमत बघा, गोव्यातला तो आज सगळ्या जगाला ‘फोर्ट अग्वादा’ म्हणून माहीत, आणि वांद्र्याचा धाकटा भाऊ ‘कास्तेला’ म्हणून. काम दोघांचं एकच: पाणी राखायचं आणि बंदरात शिरणारं जहाज तोफेच्या टप्प्यात ठेवायचं. वांद्र्याला माहीमची खाडी समोर होती आणि पलीकडे माहीमला इंग्रज. मराठे साष्टीत घुसले तेव्हा इंग्रजांना भीती वाटली की हा किल्ला त्यांच्या हाती लागला तर माहीमवर तोफा रोखल्या जातील. म्हणून तो बराचसा सुरुंग लावून उडवला गेला. आज जे उरलंय ते त्यातून वाचलेलं. घर म्हणून कोणी हा किल्ला बांधला नाही आणि घर गेलं म्हणून कोणी रडलं नाही. प्री-वेडिंग शूटवाल्यांनी मला माफ करावं, पण हा फोर्ट आहे. नावात कास्तेला असला तरी.

वसई मात्र वेगळी. पश्चिम रेल्वेने बोरिवलीच्या पुढे अर्ध्या तासात पोचता, पण आतून बघायला अख्खा दिवस द्या. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाकडून वसई पोर्तुगीजांना मिळाली आणि त्यांनी तिथे नुसती तटबंदी उभारली नाही, शहर बसवलं. चर्चं, मठ, घरं, रस्ते, एक दरवाजा जमिनीकडे, एक समुद्राकडे. तटाला टोकदार कोनांचे बुरूज, कारण तोपर्यंत तोफांचा जमाना आला होता आणि कोन काढला की तटाच्या पायथ्याशी लपलेला शत्रूसुद्धा शेजारच्या बुरुजावरून टिपता येतो. या टोकदार प्रकाराला इंग्रजीत खास शब्द आहे, बॅस्टियन. आपण गोल असो की टोकदार, बुरूजच म्हणतो. आणि या शहराच्या आत आणखी एक जुना, छोटा कोट आहे. तिथले लोक त्याला बालेकिल्ला म्हणतात. म्हणजे वसईला फोर्ट्रेस म्हणा किंवा तटबंदीचं शहर म्हणा, आणि आतल्या कोटाला सिटाडेल. चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा त्यांनी चौकी जिंकली नव्हती, एका राजवटीची उत्तरेकडची राजधानी जिंकली होती. तिथे नुसतं ‘फोर्ट’ लिहिलं तर ती लढाई इतकी लांबली का आणि त्यात इतकी माणसं का पडली, हेच कळत नाही.

आणि हे वसईपुरतं नाही, आपल्या सगळ्यांच्या बिल्डिंगांखालच्या जमिनीचं आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हा सगळा भाग म्हणजे साष्टी बेट. मुंबई बेट वेगळं, ते इंग्रजांचं. मधली हद्द शीवला, नावातच शीव. १७३९ नंतर १७७४ पर्यंत, म्हणजे पस्तीसेक वर्षं, साष्टीवर मराठ्यांचा अंमल होता. घाटकोपरहून सायनला जाताना आज आपण फक्त ट्रॅफिकला शिव्या देतो. तेव्हा तो प्रवास एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाण्याचा होता.

मुलुंडकरांसाठी ठाण्याचा किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी. दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे याला इंग्रजांनी इथेच डांबला होता आणि १८१६ मध्ये तो इथूनच निसटला. आज तिथे सेंट्रल जेल आहे. फोर्ट या शब्दातली ‘नोकरी’ इथे अजून चालू आहे, फक्त तोंड फिरलंय. आधी बाहेरच्याला आत येऊ द्यायचं नव्हतं, आता आतल्याला बाहेर जाऊ द्यायचं नाही.

मग मुंबईत खरा कॅसल कुठेच नाही का? आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य आणि वनस्पतींचा अभ्यासक. त्याला सोळाव्या शतकात मुंबई बेट भाड्याने मिळालं होतं. त्याची तिथे एक हवेली होती. इंग्रज १६६५ मध्ये आले, त्यांनी त्या घराभोवती तटबंदी केली, आणि नाव पडलं बॉम्बे कॅसल. गव्हर्नर आत राहायचा. नऊ वर्षांच्या मुलाच्या परीक्षेतही हे पास: घर आहे, धनी आहे, तट आहे. पुढे अठराव्या शतकात त्याच्याभोवती अख्ख्या वस्तीला वेढणारी मोठी भिंत आली, तिचा झाला फोर्ट. म्हणजे फोर्टच्या पोटात कॅसल. १८६० च्या दशकात बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना ती भिंत पाडली. भिंत गेली, ‘फोर्ट’ नाव राहिलं. बॉम्बे कॅसलचं जे काही उरलंय ते नौदलाच्या आयएनएस आंग्रेच्या आवारात आहे. गव्हर्नर कधीच दुसरीकडे राहायला गेला होता, तरी मुंबई सरकारच्या हुकुमांवर पत्त्याच्या जागी ‘बॉम्बे कॅसल’ छापायची पद्धत एकोणिसाव्या शतकातही चालू होती. पत्ता जुना ठेवायची हौस फक्त आपल्या आधार कार्डांनाच नाही.

आणि त्या भिंतीला मराठी माणूस काय म्हणायचा? कोट. गिरगावातला माणूस ‘कोटात’ कामाला जायचा. १८६३ मध्ये आलेल्या गोविंद नारायण माडगावकरांच्या ‘मुंबईचे वर्णन’ या पुस्तकात हा कोट भेटतो. आता आपण सगळे ‘फोर्टला’ जातो. शब्द बदलला ते कोणाला कळलंही नाही.

या कोटापाशी येऊन माझी ट्यूब पेटली.

कोट म्हणजे मुळात भिंत. त्यात कोण राहतं याच्याशी त्या शब्दाला घेणंदेणं नाही. मग मी आपले बाकीचे शब्द काढून बसलो. दुर्ग: जिथे जाणं कठीण ते. गड: डोंगरावरचा. भुईकोट: सपाट जमिनीवरचा, जसा चाकणचा संग्रामदुर्ग, जिथे १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्ताखानाला पन्नासहून जास्त दिवस थोपवलं. जंजिरा: मूळ अरबी ‘जझीरा’, म्हणजे बेट. आज आपण फक्त मुरूडच्या किल्ल्याला जंजिरा म्हणतो, पण जुन्या कागदांत सिंधुदुर्गालाही जंजिरा म्हटलेलं आहे. बालेकिल्ला: फारसी ‘बाला’, म्हणजे वरचा. माची: डोंगराच्या उतारावर किंवा सोंडेवर पसरलेला सपाट भाग. कौटिल्याने अर्थशास्त्रात दुर्गांचे प्रकार सांगितले तेही पाण्यातला, डोंगरावरचा, वाळवंटातला, जंगलातला असेच.

लक्षात आलं का? इंग्रजी विचारते, आत कोण आहे. मराठी विचारते, खाली काय आहे. डोंगर, पाणी, की सपाट भुई.

सिटाडेल आणि बालेकिल्ला यांची जोडी यासाठी मला फार आवडते. दोन्ही एकाच जागेला म्हणतात. पण एक शब्द म्हणतो ‘छोटं शहर’, दुसरा म्हणतो ‘वरचा’. राजगडाचा बालेकिल्ला चढून गेलेल्यांना विचारा. तिथे शहर आठवत नाही. आठवते ती शेवटची उभी चढण, धापा, आणि पकडायला असलेले दगड. बालेकिल्ला लिहिणाऱ्या माणसाच्या पोटऱ्या दुखत असणार.

घराची तटबंदी या अर्थाचा शब्द आपल्याकडे नाहीच असं मात्र समजू नका. गढी आहे ना. देशमुखांची, पाटलांची, इनामदारांची गढी. गावात उंचवट्यावर जाड मातीच्या भिंतींचं, बुरुजांचं घर, आत कुटुंब, धान्य, विहीर. मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात अजून दिसतात, अर्ध्या ढासळलेल्या. कॅसलला सगळ्यात जवळचं आपल्याकडे काही असेल तर ती ही पडकी गढी. आणि तिला इंग्रजीत कॅसल म्हणायची आपल्याला लाज वाटते. वांद्र्याच्या चौकीला म्हणायला वाटत नाही.

हे सगळं मी ताईला फोनवर सांगत होतो. ती तोवर लंडनला परतली होती. ती म्हणाली, ‘अरे, आमच्याकडे तुझ्यासारखी चूक दगडात कोरून ठेवलीय.’ आणि तिने फोटो पाठवला.

लंडनच्या आग्नेयेला शूटर्स हिल नावाची टेकडी आहे. त्यावर झाडीत एक त्रिकोणी विटांचा टॉवर आहे, साधारण ६३ फूट उंच. नाव, सेव्हर्नड्रूग कॅसल. ते पुन्हा एकदा हळू वाचा. सेव्हर्न-ड्रूग. सुवर्ण-दुर्ग. आपला दापोलीजवळ हर्णैसमोर समुद्रात उभा असलेला सुवर्णदुर्ग!

ही गोष्ट १७५५ ची. सुवर्णदुर्ग तुळाजी आंग्र्यांकडे होता. आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांचं फाटलेलं. पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली, आणि २ एप्रिल १७५५ रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराचा कमोडोर विल्यम जेम्स याने सुवर्णदुर्ग घेतला. किल्ला मग ठरल्याप्रमाणे पेशव्यांकडे गेला. पुढच्याच वर्षी विजयदुर्गाला आंग्र्यांचं आरमार जळालं. त्यानंतर या किनाऱ्यावर इंग्रजांना समुद्रात अडवणारं फारसं कोणी उरलं नाही. आपल्याच दोन घरांच्या भांडणात हे झालं, हे बोलायला जड जातं, पण झालं.

जेम्स श्रीमंत होऊन इंग्लंडला गेला, सर झाला, १७८३ मध्ये वारला. त्याच्या बायकोने पुढच्या वर्षी त्याच्या आठवणीत हा टॉवर बांधला. वरच्या शिलालेखात लिहिलंय की त्याने मलबार किनाऱ्यावरचा सेव्हर्नड्रूगचा कॅसल जिंकला. कोकणाचा मलबार झाला, कारण तेव्हाचे इंग्रज अख्ख्या पश्चिम किनाऱ्याला सर्रास मलबार म्हणायचे. सुवर्णदुर्गाचा सेव्हर्नड्रूग झाला. आणि दुर्गाचा कॅसल झाला.

खरं तर तो टॉवर काही कॅसल नाही. तिथे कोणी सरदार राहिला नाही, कोणी लढलं नाही. तीन मजली स्मारक आहे, आता तिथे चहा-केक मिळतो, वरून लंडन दिसतं. आणि ज्याच्यावरून नाव घेतलं तो सुवर्णदुर्गही कॅसल नाही. तो खडकाळ बेटावर चहूबाजूंनी तट असलेला जलदुर्ग आहे, चारी बाजूंना पाणी हाच त्याचा मुद्दा. दोन्हीकडे चुकीचा शब्द. पण त्या एका शब्दाने काय केलं बघा. कॅसल जिंकला म्हटलं की एक शूर सरदार, एक दुष्ट सरदार, त्याचं घर, संपली गोष्ट. खडक, भरती-ओहोटी, पाण्याचे हौद, तटावरचे गोलंदाज, किनाऱ्यावरून चालून आलेली पेशव्यांची फौज, सगळं गायब.

आमच्या ताईचा मुलगा त्या टेकडीवर शाळेतून दोनदा जाऊन आला होता. ड्रूग म्हणजे काय हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. कसं सांगणार, सांगणाऱ्याला ठाऊक असायला हवं ना. मी त्याला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, ‘दुर्ग. दुर्ग म्हणजे जिथे जायला खूप त्रास होतो.’ तो म्हणाला, ‘पण तिथे तर बस जाते.’

शेवटी सबटायटलचं काय केलं? मला वाटलं होतं की मीच पहिला यात अडकलोय, पण माझ्याआधी बरेच जण अडकले होते आणि त्यांनी बरी वाट काढलीय. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आपले बारा किल्ले गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. त्या यादीत कॅसल, सिटाडेल असला झगमगाट नाही. सगळे फोर्ट. पण प्रत्येकाच्या आधी जमीन आहे: रायगड, राजगड, साल्हेर हे डोंगरी, प्रतापगड डोंगर-जंगलातला, पन्हाळा डोंगरी पठारावरचा, विजयदुर्ग किनारी, खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग हे बेटांवरचे. आणि सगळ्यांचं मिळून इंग्रजी नाव ‘मराठा मिलिटरी लँडस्केप्स’. लँडस्केप. इंग्रजी शब्द, पण प्रश्न आपला, खाली काय आहे.

मी तेच उचललं. रायगडापाशी मात्र अजून अडलोय. तिथे राजा राहायचा, राणीवसा होता, दरबार होता, बाजारपेठ होती. त्या मुलाच्या व्याख्येने तो कॅसलही आहे, फोर्ट्रेसही, आणि वरच्या बालेकिल्ल्यापुरता सिटाडेलही. तूर्तास ‘हिल फोर्ट’ लिहिलंय आणि खाली एक ओळ जोडलीय की राजा इथे झोपायचा.

मढच्या एपिसोडचं नाव बदललंय. जुनी लिंक कोणी सेव्ह केली असेल तर तिच्यात अजून ‘कॅसल्स’ दिसेल, दुर्लक्ष करा. बाकी, मढला जाणार असाल तर वर्सोव्याहून फेरीनेच जा. रस्त्याने मालाडहून गेलात तर पोचाल, पण मग तिथे पहारा नेमका कशावर होता ते कळणार नाही.